घरातली भाटी, बाहेरचा बोका: 90 दिवसांची नोंदवही

दिवस 0
भाटी, म्हणजे मादी मांजर, चार वर्षांची, नसबंदी झालेली, जन्मापासून घरातली, वजन 3.6 किलो. बोका अंदाजे दोन वर्षांचा, 4.8 किलो, आयुष्यभर बाहेर राहिलेला, नसबंदीला पाच आठवडे झालेले. नसबंदी झाली की दुसऱ्या दिवसापासून लघवीचे फवारे आणि मारामाऱ्या थांबत नाहीत, संप्रेरकं उतरायला काही आठवडे जातात. त्यामुळे दोघांची ओळख करून देण्याची ही सुरुवात मुद्दाम उशिरा केली. शेवटी गाठायचं आहे ते एवढंच: बोक्याने दिवसा बाहेर जावं, तिन्हीसांजेला घरात यावं, आणि भाटीने कधीच उंबरठा ओलांडू नये.

बोक्याची फेलाइन ल्युकेमिया आणि एफआयव्ही या मांजरांच्या दोन विषाणूंची पहिली चाचणी निगेटिव्ह. एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही, कारण नुकताच झालेला संसर्ग पहिल्या चाचणीत सापडत नाही. ल्युकेमियासाठी 30 दिवसांनी आणि एफआयव्हीसाठी 60 दिवसांनी पुन्हा तपासायचं. पुढचं सगळं वेळापत्रक या दोन तारखांवर बेतलं आहे. ल्युकेमिया लाळेतून, एकमेकांना चाटण्यातून, एका बशीत खाण्यातून पसरतो. एफआयव्ही मुख्यतः खोल चाव्यातून. म्हणून ल्युकेमियाच्या फेरचाचणीचा निकाल येईपर्यंत बंद दार आणि एफआयव्हीचा येईपर्यंत जाळी. आणि हो, तोवर बोक्याला बाहेर सोडायचं नाही. मधे एकदा जरी बाहेर भांडून आला, तरी 60 दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात.

दिवस 1 ते 14
बोका स्वतंत्र खोलीत. दोघांचं लसीकरण पूर्ण, जंतांचं औषध दिलं, पिसवांचं औषध दोघांना एकाच दिवशी. कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिनचं औषध मांजराला कधीही लावू नका, त्याने मांजर दगावतं. पिसवांचा मोठा भाग मांजराच्या अंगावर नसतोच. अंडी, अळ्या आणि कोष गालिच्यात, फटीत असतात, आणि कोषावर औषध चालत नाही. म्हणून महिन्यातून एकदा असे निदान तीन डोस, आणि रोज व्हॅक्यूम.

लिटर बॉक्स (मांजराच्या शी-शूचं खोकं) तीन: मांजरं दोन, वर एक. लांबी मांजराच्या दीडपट, लिटरचा थर 5 ते 7 सेंमी. बोक्याला लिटर म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. पहिल्या आठवड्यात तीन भाग माती आणि एक भाग गोळे होणारं लिटर, मग दर तीन दिवसांनी माती कमी. बाराव्या दिवशी निव्वळ लिटर. रोज उपसायचं, कारण टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडी विष्ठेतून बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. गरोदर बाईने हे काम करू नये.

दिवस 15 ते 33
आता वासाची ओळख. मांजरं आपलं-परकं ठरवतात ती गटाच्या सामायिक वासावरून, तोंड पाहून नाही. बोक्याच्या गालावरून मऊ कापड फिरवलं आणि भाटीच्या बशीपासून एक मीटरवर ठेवलं. पहिल्या दिवशी तिने मान लांब करून हुंगलं, मग वरचा ओठ उचलून, तोंड अर्धवट उघडं ठेवून काही क्षण तशीच थांबली. हा राग नव्हे; टाळूतल्या इंद्रियापर्यंत वास पोचवण्याची ती रीत आहे. पाचव्या दिवशी त्याच कापडावर पाय दुमडून बसली.

बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण सुरू केलं. बश्या दारापासून 2 मीटरवर, दर दोन दिवसांनी 30 सेंमी जवळ. 80 सेंमीवर भाटीने खाणं अर्धवट सोडलं, म्हणून 110 वर परत नेलं आणि तिथे चार दिवस ठेवलं. दाराची घाई करणारे इथेच फसतात. मांजर दाराकडे पाहत पाहत खात असेल, तर ते अंतर अजून कमीच आहे असं समजा.

ल्युकेमियाची दुसरी चाचणी निगेटिव्ह.

दिवस 34 ते 61
दाराच्या चौकटीत लाकडी फ्रेम आणि 12 मिमीची जाळी, पंजा आरपार जाणार नाही अशी. तिच्यावर चादर, दर दोन दिवसांनी खालून 10 सेंमी वर. फिस्कारणं चालतं. कान मागे चपटे, टक लावून नजर, शरीर ताठ, हे दिसलं की चादर खाली. दोघांपैकी एकाने डोळे हळू मिटून उघडले की त्या दिवशी तिथेच थांबायचं, चांगल्यावर संपवायचं.

एफआयव्हीही निगेटिव्ह.

दिवस 62 ते 74
समोरासमोर भेट, पहिली 5 मिनिटांची. दोन टोकांना दोन दोरीची खेळणी, हाताशी मोठा पुठ्ठा. भांडण पेटलं तर पुठ्ठा मधे सरकवायचा, हात घालायचा नाही. मांजराचा चावा खोल जातो आणि चिघळतो. भाटीसाठी दीड मीटर उंचीवर फळी, आणि तिथून उतरायला दोन वाटा. एकच वाट असली की बोका तिच्या तोंडाशी बसून राहतो आणि भाटी लघवी तुंबवते. ताणामुळे मूत्राशयाची सूज येते ती अशीच. बोका लिटरमध्ये वारंवार जाऊन जोर लावत असेल आणि काही येत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. ती तातडीची वेळ आहे.

दिवस 75 ते 90
बोका पुन्हा बाहेर. मांजराच्या कातडीखालची चिप ओळखणारं दार बसवलं. निवडताना एक गोष्ट नीट पाहा: काही दारं फक्त आत येताना चिप वाचतात, बाहेर जाताना कोणालाही सोडतात. घरबशी मांजर असलेल्या घराला दोन्ही बाजूंनी वाचणारं दारच हवं. पहिले तीन दिवस झडप टेपने वर धरून ठेवली.

79व्या दिवशी घसरण झाली. बोका पावसात भिजून आला आणि भाटीने शेपूट फुगवून त्याला परक्यासारखं फिस्कारलं. ओल्या मातीचा आणि दुसऱ्या बोक्यांचा वास अंगावर असल्याने तिच्या नाकाला तो अनोळखी होता. बाहेरून येणं ही दर वेळी छोटी नवी भेट असते, हे या सगळ्या खटाटोपातलं सर्वात दुर्लक्षित कलम आहे.

तेव्हापासून संध्याकाळी ठरलेला क्रम. आधी बोका आपल्या खोलीत 40 मिनिटं. तिथे केसांच्या उलट दिशेने बोटं फिरवून मान, गाल, शेपटीचं मूळ तपासायचं. दाताचं भोक टाचणीएवढं असतं, वरून पटकन भरतं आणि दोन-चार दिवसांत आत गळू होतं. गरम, दुखरी सूज लागली की व्हेट. मग भाटीच्या अंथरुणातल्या टॉवेलने त्याला पुसायचं, खायला घालायचं आणि मग दार उघडायचं.

खिडकीच्या खालच्या 60 सेंमीवर अपारदर्शक फिल्म लावली. बाहेरचं परकं मांजर दिसून भाटी चवताळली, तर राग जवळच्या बोक्यावर निघतो.

90वा दिवस: दोघं एकाच खोलीत, अंतर 40 सेंमी, भाटी पाठ करून झोपलेली. बश्या अजून वेगळ्याच, आणि बोका बाहेर जातो तोवर वर्षातून एकदा दोन्ही चाचण्या.