मानेवरचा मळ

लहानपणी आंघोळ करून बाहेर आलं की आई एकच गोष्ट तपासायची, मान. तोंडावर पाणी मारून, केस ओले करून, साबणाचा वास येईल इतपत सोंग आणलेलं असायचं, पण तिने मानेवर अंगठा घासला की मळाच्या काळ्या वळ्या निघायच्या आणि आमची परत आत रवानगी. मध्यंतरी माझ्या लेकीने माझ्या इलेक्ट्रिक टूथब्रशची मान अशीच पकडली. म्हणाली, "बाबा, तुझ्या ब्रशला शेंबूड आलाय."

मी म्हटलं पेस्ट असेल गं, रोज धुतो की मी, नळाखाली धरतो, झटकतो, ठेवतो, अजून काय करायचं. ती म्हणे डोकं काढून बघ. आता डोकं निघतं हे मला माहीत होतं, बदलताना काढतोच की, पण मधल्या काळात उगीचच काढून बघायचं असतं हे कधी डोक्यात आलं नव्हतं. ओढलं तर निघेना. पेस्ट वाळून पार सिमेंट झालेली. थोडं हलवत हलवत ओढलं तेव्हा टक्कन हातात आलं, आणि बघतो तर काय, दांडीतून जी धातूची काडी वर येते तिच्या बुडाशी, रबरी वायसरच्या भोवती, काळपट राखाडी बुळबुळीत रिंगण. हेडच्या पोकळीत डोकावलो तर आत गुलाबीसर थर. बाथरूमच्या फरशीच्या सांध्यात दिसतो ना, तसाच. वासाचं काही सांगत नाही, तुम्ही कदाचित नुकतेच दात घासून आला असाल.

आणि हे यंत्र मी दिवसातून दोनदा तोंडात घालत होतो, वर दात किती गुळगुळीत झालेत म्हणून आरशात बघून खूश होत होतो.

मग विचार करत बसलो की हे होतं कसं. साधंच आहे. ब्रश करताना हेड वर, दांडी खाली, म्हणजे तोंडातला सगळा ऐवज, पेस्ट, लाळ, पाणी, ओघळत खालीच येणार. हेड आणि दांडीच्या मधे बारीकशी फट असते आणि ती मुद्दाम ठेवलेली असते, कारण माझ्याकडे आहे तसला सोनिक ब्रश मिनिटाला साधारण ३१,००० वेळा थरथरतो, तिथे फट नसेल तर प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक आपटून नुसती खडखड होईल. म्हणजे फट हवीच. आणि फट आली म्हणजे आत पाणी जाणार, ते वाळायला वाट नाही, खायला पेस्टचा गाळ आहे, अंधार आहे, जिवाणूंना अजून काय पाहिजे. वरून कितीही धुवा, ते त्यांच्या घरात सुखरूप.

माझा मूळ गैरसमज हा होता की पाणी लागलं म्हणजे स्वच्छ झालं. अरे पण हा ब्रश काम किती करतो? सकाळी २ मिनिटं, रात्री २ मिनिटं. ते सुद्धा दर ३० सेकंदांनी आतून झटका देऊन सांगतो की आता दुसऱ्या बाजूला सरक. उरलेले २३ तास ५६ मिनिटं तो नुसता उभा असतो. हेड दर ३ ते ४ महिन्यांनी बदला म्हणतात, ३ महिन्यांचा हिशेब केला तर ९० दिवस गुणिले ४ मिनिटं, ३६० मिनिटं, म्हणजे एका हेडची अख्खी नोकरी ६ तासांची! बाकी सगळा काळ ओल्या अंगाने उभं राहणं. त्यामुळे ब्रश कसा धुतला यापेक्षा तो कसा वाळला हा खरा प्रश्न, आणि तो मला आजवर पडलाच नव्हता.

वाळण्यावरून आठवलं, १९३८ मध्ये नायलॉनच्या केसांचे ब्रश बाजारात आले त्याआधी ब्रशला चक्क डुकराचे केस असायचे. ते केस पाणी धरून ठेवतात, लवकर वाळत नाहीत, त्यामुळे जिवाणूंची चंगळ. म्हणजे ही दुखणी जुनीच आहेत. विजेवरचा ब्रश त्यानंतरचा, १९५४ साली स्वित्झर्लंडमधला, आणि तो थेट भिंतीतल्या वायरवर चालायचा. ओलं तोंड, ओला हात आणि भिंतीतली वीज. धन्य ते लोक. १९६१ मध्ये बिनवायरचा आला तेव्हा कुठे लोकांनी सुटकेचा श्वास टाकला असेल असं आपलं मला वाटतं.

तर साफसफाई. उत्साहाच्या भरात मी पहिला घोळ घातला तो म्हणजे हेडवर उकळतं पाणी ओतलं. जंतू मरतील म्हणून. जंतूंचं माहीत नाही, केस मात्र विस्कटून असे उभे राहिले की नुकतंच झोपेतून उठलेलं पोर. नायलॉनच ते, उकळत्या पाण्यात मऊ पडणारच. ते हेड गेलं. मायक्रोवेव्हचा विचारसुद्धा मनात आला होता, पण हेडच्या आत धातूचा तुकडा असतो हे वेळेवर आठवलं आणि एक अपघात टळला. दुसरा घोळ जुना होता, तो म्हणजे टोपी. ब्रशबरोबर एक छान पारदर्शक टोपी मिळाली होती, धूळ बसू नये म्हणून मी इमानदारीत रोज ओल्या हेडवर ती घालायचो. ओल्या डोक्यावर टोपी घातली की काय होतं हे आईने लहानपणी शंभरदा सांगितलेलं, पण ब्रशला ते लागू आहे हे कोण सांगणार. टोपी आता फक्त प्रवासापुरती, ती पण ब्रश वाळल्यावर.

दांडीसाठी मात्र कामाला आला तो जुना साधा ब्रश, जो इलेक्ट्रिक आल्यावर रिटायर होऊन सिंकखाली पडला होता. साहेबांची मान घासायला शेवटी जुना गडीच लागला. कोमट पाणी, थेंबभर भांड्यांचा साबण, वायसरच्या कडेने हलक्या हाताने गोल गोल, आणि जिथे तोही पोचत नाही तिथे इअरबड. पहिला इअरबड काळा, दुसरा राखाडी, तिसरा जरा बरा, चौथ्याला मला जे समाधान मिळालं ते मी कोणाला सांगितलं तर लोक हसतील. टोकदार काही घालायचं नाही, पिन तर नाहीच, कारण ते रबर आहे म्हणून पाणी आत मोटारीपर्यंत जात नाही, त्याला भोक पडलं की खेळ खल्लास. एक गंमत म्हणजे ब्रशचा आवाजच बदलला. गेले काही महिने तो जरा घरघरत होता, मला वाटलं म्हातारा झाला, पण घसा खाकरून साफ केल्यासारखा परत एका सुरात घुंऽऽ करायला लागला.

मग चार्जर. त्याच्या खळग्यात ओघळाचं पाणी साचून पांढरं कडक पुट चढलेलं. प्लग काढला, फडक्याला थोडं व्हिनेगर लावून दाबून ठेवलं, पाण्यातले क्षार त्याने सुटतात, मग पुसून कोरडा केला. हे करताना लक्षात आलं की याला धातूचं एकही टोक दिसत नाही, नुसतं प्लॅस्टिकचं बोंडुक, मग वीज जाते कुठून? तर खाली चार्जरमध्ये तारेचं वेटोळं, वर दांडीच्या बुडात दुसरं वेटोळं, खालच्यात उलटसुलट वीज फिरली की चुंबकीय क्षेत्र बदलत राहतं आणि वरच्यात आपोआप वीज तयार होते. फोन वायरलेस चार्ज झाला की आपण केवढं कौतुक करतो, आणि बाथरूममध्ये हा बिचारा कधीपासून तेच करतोय.

बॅटरीवरून बाबांशी वाद झाला तो वेगळाच. त्यांचं म्हणणं पूर्ण उतरू दे आणि मगच लाव. त्यांच्या काळातल्या निकेल कॅडमियमच्या बॅटऱ्यांना ते ठीक होतं, माझ्यात लिथियम आयन आहे, तिला तळ गाठायला लावणं उलट वाईट. बाबा म्हणाले, "बरं, तुझा ब्रश, तुझे दात." वाद संपला, पटलं की नाही कळलं नाही.

आता रोजचा नेम असा झालाय, ब्रश झाला की हेड काढायचं, हेड आणि दांडी वेगवेगळी धुवायची, दांडी पुसायची, हेड केस वर करून ग्लासात उभं, वरून उघडं. जेमतेम अर्ध्या मिनिटाचं काम. बायकोलाही पटवलं, कारण तिचाही ब्रश अगदी असाच, जोडीने घेतलेले. तिच्या ब्रशची मान मी उत्साहाने तपासायला गेलो तर ती स्वच्छ निघाली, त्याबद्दल आम्ही फार बोललो नाही.

फक्त एक झालं. दोन्ही हेड आता एकाच ग्लासात उभी असतात, ओळख म्हणून तळाला रंगीत रिंग, एकाला निळी, एकाला हिरवी. काल सकाळी मी अर्धवट झोपेत निळं उचललं तर बायको मागून म्हणाली, "अरे, ते माझं आहे."

"निळं माझं. कायम निळंच माझं असतं."

"मागच्या महिन्यात नवीन लावली तेव्हा बदललं होतं ना, सांगितलं होतं तुला. हिरवं तुझं."

ग्लासातल्या हिरव्याकडे बघितलं. एकदम कोरं करकरीत, एक केस वाकलेला नाही. मग हातातल्या निळ्याकडे बघितलं. "पण तू रोज निळंच वापरतेस?" मी विचारलं.

"हो. आणि तू?"

लेक दारात उभी होती, तिच्या हातात तिचा साधा ब्रश.