आमची वाटचाल: शेताचं खातं वेगळं, पावडरचं वेगळं

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यात आमची सात एकर जमीन आहे. निम्म्यात सेलम हळद, निम्म्यात सोयाबीन आणि त्यात तुरीचे पट्टे. सातबारा सासऱ्यांच्या नावे, कष्ट सगळ्या घराचे आणि हळद पावडरचा धंदा माझ्या नावे, अशी आमची वाटणी. आमची पावडर आता परभणी, नांदेड, छत्रपती संभाजीनगर आणि पुण्यातल्या घरांत जाते. भेटायला येणारे लोक चक्कीबद्दल विचारतात, पाकिटं कुठं छापली ते विचारतात, फार तर परवान्याचं विचारतात. बँकेत खातं कोणतं काढलं, हे कुणी विचारत नाही. मला विचाराल तर धंदा टिकला तो त्या खात्यांमुळं, म्हणून तेच जरा सविस्तर सांगते.

हळदीचा पैसा कसा फिरतो ते आधी सांगायला हवं. मे-जूनमध्ये बेणं लावायचं. मग खुरपण, खत, मातीची भर, करपा आणि कंदमाशीच्या फवारण्या. फेब्रुवारी-मार्चात काढणी, लगेच कुकरवाल्याला गाठून शिजवणी, मग ऊन देणं आणि शेवटी ढोलात पॉलिश. ओल्या पाच क्विंटलचं वाळून साधारण एक क्विंटल उरतं. माल मोंढ्यात, म्हणजे बाजार समितीत, जाईपर्यंत एप्रिल-मे उजाडतो. म्हणजे जवळपास वर्षभर पैसा नुसता जात राहतो आणि मग एकदम येतो. एकदम आलेला पैसा असतो त्यापेक्षा मोठा वाटतो. त्याच दिवसांत भावकीतली लग्नं असतात, पाडव्याला सालगड्याची नवी बोली असते, पोरांच्या फिया असतात. पावसाळा तोंडावर येतो तेव्हा बेणं-खताला परत उधारी.

हे सगळं एकाच पासबुकातून चालायचं. मामांचं, म्हणजे सासऱ्यांचं, ते पासबुक 'हैदराबाद बँके'चं. निजामाच्या काळात 1941 मध्ये सुरू झालेली ही बँक 1 एप्रिल 2017 ला भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली, पाटी बदलली, पण आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी नाव तेच आहे. त्या खात्यात अडत्याची पट्टी (विकलेल्या मालाचे पैसे) जमा व्हायची, पीएम किसानचे वर्षाचे 6,000 यायचे, पुढं 2023 पासून राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे तेवढेच, पीकविमा मिळाला तर तो, शिवाय दुधाचे पैसे. आणि जायचंही तिथूनच: खत, डिझेल, किराणा, दवाखाना, आहेर. शिल्लक दिसायची, पण ती हळदीची की दुधाची की विम्याची, हे कुणाला सांगता यायचं नाही. त्यात मी पावडर सुरू केली आणि गिऱ्हाइकं ह्यांच्या फोनवर पैसे टाकायला लागली.

वेगळ्या खात्याचा विषय काढला तेव्हा मामा म्हणाले, "घर एक, चूल एक, अन् खाती दोन कशाला? बँकेला पोसायला?" त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. खातं म्हटलं की किमान शिल्लक, एसएमएसचे पैसे, कार्डाचे पैसे आलेच. पण मी गावातल्या बचत गटाची सचिव होते. गटाची महिन्याची उलाढाल आमच्या ट्रॉलीभर हळदीएवढीसुद्धा नाही, तरी गटाला स्वतःचं खातं, सह्या दोघींच्या, दर बैठकीला ठराव, नोंदवही. बचत गट चालवणाऱ्या सरकारी 'उमेद' अभियानाच्या ताईंनी ते अंगवळणी पाडलं होतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाईही, त्याच गटात. त्याच एकदा जेवताना मामांना बोलल्या, "शंभर-दोनशेचा हिशेब आम्ही बाया ठेवतो, अन् लाखांचा तुम्हाला ठेवता येईना." वाद मिटला नाही, पण मामा बँकेत यायला तयार झाले.

खातं काढायचं ते कोणतं, इथं मात्र खरी डोकेदुखी निघाली. बँकेतल्या साहेबांनी 'व्यवसाय' हा शब्द ऐकला आणि चालू खात्याचा फॉर्म पुढं केला. चालू खात्यावर व्याज मिळत नाही आणि किमान शिल्लक बचत खात्यापेक्षा जास्त ठेवावी लागते. दहा महिने जवळपास रिकामं राहणाऱ्या शेताला हे कशाला हवं? शेतकरी स्वतःच्या नावे स्वतःचं पीक विकतो, त्याला साधं बचत खातं चालतं. पावडरचं तसं नाही. तिथं पेढीचं नाव आहे, रोजची खरेदी-विक्री आहे, आणि बचत खातं धंद्यासाठी नसतंच. तेव्हा शेताला बचत आणि पावडरला चालू असं ठरलं. म्हणजे खाती दोन नव्हे, मामांचं जुनं धरून तीन झाली. मामांनी कपाळावर हात मारला.

मामांचं जुनं खातं आम्ही मुद्दाम हलवलं नाही. आधार कितीही खात्यांना जोडता येतं, पण थेट जमा होणारं सरकारी अनुदान एकाच खात्यात जातं, ज्या बँकेत अनुदानासाठी आधारची शेवटची जोडणी (सीडिंग) झाली त्या. नवं खातं काढताना अर्जावर अनुदानाच्या संमतीची एक चौकट असते. घाईत तिथं खूण झाली की पीएम किसानचा हप्ता न सांगता नव्या बँकेत जातो आणि म्हातारं माणूस जुन्या पासबुकात एन्ट्री मारून घेत फिरत राहतं. आमच्या गावात हे बऱ्याच जणांचं झालंय. आम्ही ती चौकट कोरी ठेवली. अनुदान, दूध आणि घरखर्च जुन्या खात्यात, शेतीचा येणारा-जाणारा पैसा नव्या खात्यात.

पीककर्जाचं केसीसी, म्हणजे किसान क्रेडिट कार्डाचं खातं, आणखी निराळं. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज 7 टक्क्यांचं असतं. मुदतीत फेडलं तर केंद्राची 3 टक्के सूट आणि वरून राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख योजनेची सवलत धरून ते बिनव्याजी पडतं. त्यापायी मार्चमध्ये गावोगाव नवं-जुनं करायची धावपळ असते, जुनं भरायचं आणि लगेच नवं उचलायचं. आता गंमत बघा, हळदवाल्याचा मार्च म्हणजे काढणी आणि शिजवणीचा महिना, हातात माल आहे पण पैसा नाही. कर्ज आणि विक्रीचा पैसा एकाच बँकेत असला आणि कर्ज थकलं, तर बचत खात्यालाही होल्ड लागतो. मग मजुरांचे पैसे काढायला गेलेला माणूस हात हलवत परत येतो. आमच्या शेजारच्या गावात ऐन काढणीत असं घडलेलं मी बघितलंय. म्हणून शेताचं नवं खातं कर्जाच्या बँकेत न काढता दुसऱ्या बँकेत काढलं. कुणी याला पळवाट म्हणेल. आमचं केसीसी कधी थकलेलं नाही, पण कोणत्या आठवड्यात मजूर आधी आणि कोणत्या आठवड्यात बँक आधी, हे ठरवायची मोकळीक शेतकऱ्याकडं असावी असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी बँक निवडताना व्याजदर पाहिलाच नाही. अर्ध्या-पाऊण टक्क्यानं आमच्या शिलकीला काय फरक पडणार! पाहिलं ते एवढंच की शाखा मोंढ्यापासून चालत जाण्याजोगी आहे का, अनुदानाच्या दिवशी कॅश काउंटरची रांग किती असते, आणि अडत्याचा आरटीजीएस आला नाही तर फोन उचलणारं कुणी आहे का. बँकेचं नाव सांगत नाही, कारण सगळं शाखेवर असतं. तीच बँक दुसऱ्या गावात तुम्हाला रडवेल.

या काळात एका पतसंस्थेचा एजंट घरी चकरा मारत होता. बँकेपेक्षा चांगलं व्याज, पैसा घेऊन जायला माणूस दारात. मामांचं मन वळत आलं होतं. बँकेत, सहकारी बँकेतसुद्धा, एका माणसाच्या 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, पतसंस्थेला तो नसतो, एवढं मी गटाच्या प्रशिक्षणात ऐकलं होतं आणि तेवढ्यावर अडून बसले. पुढं मराठवाड्यात मल्टिस्टेट सोसायट्यांच्या, म्हणजे अनेक राज्यांत चालणाऱ्या पतसंस्थांच्या, दारात ठेवीदारांच्या रांगा लागल्या, तेव्हा मामा त्या विषयावर माझ्याशी फार बोलले नाहीत. याच विम्याची आणखी एक बाजू आहे. मालकीच्या पेढीचं खातं आणि मालकाचं स्वतःचं खातं एकाच बँकेत असेल, तर 5 लाख दोन्ही मिळून धरतात. म्हणून माझं चालू खातं माझ्या स्वतःच्या बचतीच्या बँकेत नाही.

चालू खात्याला पेढीच्या नावाचे दोन पुरावे लागले. छोट्या उद्योगांची उद्यम नोंदणी होती, ती फुकट होते, आणि अन्न परवान्याची साधी नोंदणी होती, तिला तेव्हा वर्षाला 100 रुपये लागायचे. शेताच्या बचत खात्यावर मामा आणि हे, दोघांपैकी कुणाचीही सही चालेल असं. माझं नाव घाला असा ह्यांचा आग्रह होता, मी नको म्हटलं. कारण त्या खात्याची मी गिऱ्हाईक होणार होते.

यातली सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. पावडरला लागणारी हळकुंडं घरची म्हणून उचलायची नाहीत. माझ्या चालू खात्यातून शेताच्या खात्यात पैसे जाणार, आणि भाव त्या दिवशीचा वसमत मोंढ्याचा. मी म्हटलं, घरून घेतलं तर वाहतूक वाचते, हमाली-तोलाई वाचते, क्विंटलमागं काहीतरी सोडा. मामांनी रुपया सोडला नाही. उलट कांडी (लांबट हळकुंड) माझ्या पोत्यात जास्त गेली का, गट्टू (गोल कंद) त्यांच्याकडं उरला का, हे ते स्वतः उभं राहून बघायचे. खात्याला नावं ठेवणारा माणूस खातं झाल्यावर त्याचा सगळ्यात कडक राखणदार झाला.

2023 च्या उन्हाळ्यात हळदीचा भाव क्विंटलला सहा-सात हजारांच्या आसपास रेंगाळत होता. खानावळी आणि मसालेवाल्यांना मी सुटी पावडर किलोला 110 रुपयांनी देत होते. पावसाळ्यात भाव चढायला लागला आणि ऑगस्टपर्यंत बारा हजारांच्या वर गेला. म्हणजे नुसतं हळकुंडच किलोला 120 रुपयांना, पिसाई, घट, पाकीट आणि वीज वेगळी. जुन्या पद्धतीत आम्हाला हे कळलंच नसतं. घरची हळद, जोरात खप, फोनवर रोज पैसे येतायत, मग धंदा छान चाललाय असंच वाटलं असतं. पण इथं प्रत्येक क्विंटलला माझ्या खात्यातून बारा हजार जात होते आणि येत होते त्याहून कमी. महिनाभरात शिल्लक तळाला गेली. तेव्हा सुटी पावडर बंद केली, मसालेवाल्यांना सरळ हळकुंड घ्या म्हटलं, आणि घरगुती पाकिटांचा भाव वाढवून तेवढीच ठेवली. काही गिऱ्हाइकं तुटली ती तुटली. त्या वर्षी शेतानं चांगले पैसे केले आणि पावडरनं नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, हे दोन पासबुकं शेजारी ठेवल्यावरच दिसलं.

त्यानंतर पेढी वर्षाची गरज मे महिन्यात एकदम विकत घेते. एवढी रक्कम हातात नव्हती, कर्ज काढावं लागलं. सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत यंत्रांच्या खर्चाला 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत अनुदान मिळत होतं आणि त्या योजनेत हिंगोली जिल्ह्याचं ठरलेलं पीक हळदच. नवा पल्व्हरायझर (दळायचं यंत्र) आणि पाकीटबंद करायचं यंत्र त्यातून घेतलं. बँकेच्या अधिकाऱ्यानं प्रकल्प अहवाल उलटसुलट चाळला, पण वाचलं काय तर चालू खात्याचं स्टेटमेंट. खेळतं भांडवलही त्याच जोरावर मिळालं.

कराचं थोडक्यात सांगते. शिजवणं, वाळवणं, पॉलिश करणं ही माल बाजारात नेण्यासाठी शेतकऱ्यानं नेहमी करायची कामं, म्हणून हळकुंड विकून आलेला पैसा शेतीचं उत्पन्न आणि आयकरातून मुक्त. दळून पाकिटात भरलं की त्यावरचा नफा धंद्याचा. आमच्या नांदेडच्या सीएंना दोन खाती आयतीच वेगळी मिळाली, त्यांचं काम सोपं झालं. फी मात्र कमी केली नाही. राज्यातल्या राज्यात विकत होतो तोवर 40 लाखांच्या आतल्या उलाढालीला जीएसटी नोंदणी लागत नव्हती. हैदराबादच्या दुकानदारांकडून मागणी आली आणि राज्याबाहेर माल पाठवायचा म्हटल्यावर ती सूट संपली. 2024 मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून अशी चौकशी वाढली आहे.

यंदा मामांनी नवा विषय काढलाय. पावडरचं शेड त्यांच्या नावच्या जमिनीवर उभं आहे, तेव्हा पेढीनं त्याचं भाडं द्यावं. आकड्यावर अजून घासाघीस चालू आहे. ते भाडं कोणत्या खात्यात जाईल एवढं ठरलं आहे: शेताच्या नाही, मामांच्या जुन्या खात्यात, कारण शेडचं भाडं म्हणजे काही हळदीचं पीक नव्हे.