सांकवाळ, राशोल आणि मावशीची दुपारची झोप

आमच्या वसईत मिशनरी म्हटला की तो न थकणारा असतो. आमचेच गोन्सालो गार्सिया जपानला गेले आणि १५९७ साली नागासाकीला क्रुसावर मरण पावले. लहानपणापासून प्रवचनांत त्यांच्याबद्दल ऐकत आले, पण ते कधी झोपत होते, आजारी पडत होते का, हे कुणी सांगितलं नाही. त्यामुळे माझ्या मावशीने फोनवर घातलेली अट ऐकून मी हसले होते. "ये गोव्याला, सगळं दाखवते. पण एक ते चार मी खोलीतून हलणार नाही."

मावशी धर्मभगिनी आहे. टांझानियातल्या एका मिशन दवाखान्यात तिने नर्स म्हणून उमेदीची वर्षं काढली आणि आता गोव्यात निवृत्त सिस्टरांच्या घरात राहते. मी ऐन पावसात गेले. कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकाने हळूहळू करमळीला पोचली. प्लॅटफॉर्मवर मावशी छत्री घेऊन उभी, सोबत फोंड्याचे टॅक्सीवाले काका. मराठी बोलणारे, मधूनच कोकणीत शिरणारे.

करमळीहून जुने गोवे हाकेच्या अंतरावर. तिथल्या बॉम जीझस चर्चची गिलावा नसलेली जांभ्याची भिंत पावसात भिजून गडद झाली होती. आत संत फ्रान्सिस झेवियर यांचं शव. गोव्यात त्यांना म्हणतात गोंयचो सायब, गोव्याचा धनी. ६ मे १५४२ ला ते गोव्यात उतरले आणि रुग्णालयात आजाऱ्यांच्या उशाशी मुक्काम ठोकला. पुढे मोत्यांच्या किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या तमिळनाडूत, इतक्या लोकांना बाप्तिस्मा दिला की हात दुखून येतात, असं त्यांनी १५४४ च्या पत्रात लिहिलंय. आमच्याकडे हे वाक्य कौतुकाने सांगतात. मावशी मात्र ते नर्सच्या कानाने ऐकते.

"हात दुखतो म्हणाला ना? मग कुणीतरी म्हणायला हवं होतं, बाबा रे, बस आता." वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, १५५२ साली, चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर ते तापाने गेले. त्यानंतरही सुटका नाही. शव तिथून मलाक्का, मलाक्काहून गोवा. १६१४ मध्ये त्याच उजव्या हाताचा कोपराखालचा भाग रोमला पाठवला. दर दहा वर्षांनी दर्शनासाठी शव बाहेर काढतात, ते २०२४ च्या नोव्हेंबरात निघालं होतंच. "मेल्यावरही रजा मंजूर नाही," मावशी कुजबुजली आणि लगेच क्रुसाची खूण केली.

तिचा स्वतःचा किस्सा तिने झुआरीच्या पुलावर सांगितला. दवाखान्यात पहाटेपासून रांग लागायची आणि पावसाळ्यात मलेरियाने ती दुप्पट व्हायची. मावशी दुपारचं जेवण उभ्यानेच उरकायची. मग तिलाच मलेरिया झाला, पुन्हा झाला, तेव्हा मदर सुपिरियरने तिला महिनाभर डोंगरावरच्या दुसऱ्या कॉन्व्हेंटात पाठवलं. दवाखाना बंद पडेल म्हणून ती रडली होती. परत येऊन बघते तर तिथल्याच एका तरुण नर्सने पुठ्ठ्याचे नंबर करून वाटले होते. तान्ही मुलं असलेल्या बाया आधी, बाकीचे सावलीत बसून. रांगेतली भांडणं संपली होती.

"मग?"

"मग काय, पुठ्ठे तसेच ठेवले. आणि दुपारी झोपायला लागले."

पूल उतरल्यावर कुठ्ठाळी लागली. काका म्हणाले, "आमचा मंगेश मूळचा इथला. पोर्तुगीज देवळं पाडायला लागले तेव्हा रातोरात फोंड्याकडे नेला." गाडीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मावशी म्हणाली, "हो. आणि इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आणा म्हणून पोर्तुगालच्या राजाला लिहिणाऱ्यांत आमचा सायबही होता." मिशनच्या सेवेबद्दल लिहायचं तर हे वगळून चालणार नाही, असं मलाही वाटतं.

सांकवाळला आरोग्यमातेच्या जुन्या चर्चची फक्त दर्शनी भिंत उरली आहे, बाकीचं आगीत गेलं. पण आम्ही आलो होतो जोसेफ वाझ यांच्यासाठी. बाणावलीला १६५१ मध्ये जन्मलेला, सांकवाळच्या घराण्यातला हा गोंयकार पाद्री १६८७ साली मजुराच्या वेशात श्रीलंकेत शिरला. तिथे डचांनी कॅथलिक पाद्रींना बंदी घातली होती. जाफन्याला पोचला तो अतिसाराने अर्धमेला होऊन. कँडीला पोर्तुगीजांचा हेर म्हणून कैदेत पडला. जवळजवळ नऊ वर्षं अख्ख्या बेटावर हा एकटा पाद्री!

मी "बापरे" म्हटलं. मावशीला मात्र पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. वाझ यांनी गावोगाव एकेक जाणता माणूस नेमला. पाद्री नसताना प्रार्थना घेणं, आजाऱ्याकडे जाणं त्याच्याकडे. १६९६ ला गोव्याहून मदतीला माणसं आली, त्यांत त्यांचा भाचाही. पुढच्याच वर्षी कँडीत देवीची साथ आली आणि लोक आजाऱ्यांना टाकून पळाले, तेव्हा शुश्रूषेला मामा-भाचे दोघे होते. १७०५ मध्ये दिवाडीचे जाकोम गोन्साल्विस गेले आणि त्यांनी सिंहलीत पुस्तकं लिहिली. वाझ १७११ साली वारले, काम चालूच राहिलं. २०१५ मध्ये पोपनी त्यांना कोलंबोत संत जाहीर केलं. माझ्या मते झेवियरपेक्षा हा माणूस जास्त शहाणा होता. गोव्याबाहेर त्याचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, हे बरोबर नाही.

एकला आम्ही परत. मावशीच्या टेबलावरच्या बायबलमध्ये एलियाच्या पानावर कागद खोचलेला. तो संदेष्टा झुडपाखाली मरण मागत झोपतो. देवदूत येतो, उपदेश करत नाही, भाकरी-पाणी देतो आणि पुन्हा झोपू देतो. दुसऱ्यांदा उठवून परत खायला घालतो आणि मगच पुढची वाट दाखवतो. "आमच्या ट्रेनिंगमध्ये हे कधीच शिकवलं नाही," एवढं बोलून तिने दार लावलं. गल्लीतली दुकानंही बंद झाली होती. मी व्हरांड्यात बसून दुसऱ्या दिवसासाठी चार ठिकाणं लिहिली. चहाच्या वेळी मावशीने त्यातली तीन खोडली.

उरलं राशोल. इथेच १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. इंग्लंडचा हा जेझुइट १५७९ ला गोव्यात आला तो परत गेलाच नाही. गोव्यातल्या साष्टीत चाळीसेक वर्षं राहून त्याने मराठीत अकरा हजारांच्या आसपास ओव्या रचल्या. पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीच्या टेकडीवरून खाली पाहिलं तर सगळी खाजनं, म्हणजे खाडीकाठची शेतं, पाण्याखाली.

"एवढं लिहायला त्याला वेळ कधी मिळाला असेल?" मी विचारलं.

"पावसात. वाटा बंद, होड्या बंद, कुणाकडे जाणार?"

हा तर्क मावशीचा आहे, इतिहासकारांनी तिला धरू नये.