मधला थर

गेल्या रविवारी वांद्र्याला एका कार्यशाळेला गेले होते. विषय होता, 'आतलं जग, कापडावर'. खरं सांगायचं तर मैत्रिणीने परस्पर माझं नाव दिलं होतं. शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येकीला वीतभर खादी, सुई आणि चार रंगांचे दोरे दिले. म्हणाल्या, "डोळे मिटा, आत दिसेल ते टाक्यांतून येऊ द्या." मी डोळे मिटले. आत कुकरची रिंग दिसली. सकाळपासून वाफ सोडत होती. शेजारणीचं कमळ तोवर निम्मं झालंसुद्धा.

मग त्यांनी शिल्पकार मृणालिनी मुखर्जींच्या कामाचे फोटो दाखवले. जन्म १९४९चा, आपल्या मुंबईतला. वाखाच्या रंगवलेल्या दोऱ्यांना हाताने गाठी मारमारून त्यांनी माणसाहून उंच आकृती घडवल्या आणि नावं ठेवली 'यक्षी', 'वनश्री'. त्या फोटोतसुद्धा समोर कुणीतरी उभं आहे असं वाटत होतं.

पण मी अडकले ते मातानी पछेडीपाशी. अहमदाबादच्या देवीपूजक समाजाची ही कला. देवळात शिरू देत नव्हते, तेव्हा या लोकांनी कापडावरच देऊळ रंगवलं आणि मधोमध देवी बसवली. काळा रंग गंजलेलं लोखंड गुळाच्या पाण्यात मुरवून करतात. लाल जिथे हवा तिथे आधी तुरटी लावतात. ती जागा तेव्हा फिकटच दिसते. कापड साबरमतीच्या वाहत्या पाण्यात धुऊन अलिझरीन नावाच्या रंगात उकळलं, की तुरटी लागली असेल तिथेच लाल चढतो. म्हणजे देवी कापडावर आधीच येऊन बसलेली असते, आपल्याला उशिरा दिसते एवढंच. हे ऐकल्यावर माझी सुई जी थांबली ती थांबलीच.

घरी येताना लोकलमध्ये आजीची गोधडी आठवत राहिली. लालबागच्या चाळीत, दुपारी नळ गेला की आजी गॅलरीत लुगडं अंथरायची. त्यावर जुनेर, त्यावर आणखी जुनेर, सगळ्यात वर दुसरं लुगडं. चार कोपऱ्यांवर चार पाटे ठेवायचे म्हणजे कापड हलत नाही. मग धावदोरा कडेपासून सुरू. पहिला फेरा काठाला लागून, दुसरा त्याच्या आत बोटभर, तिसरा त्याच्याही आत. चौकोन लहान होत होत मध्यावर यायचा. अशी बाहेरून आत जाणारी प्रदक्षिणा मी पुढे कुठल्या देवळात पाहिली नाही. शेवटचं ठिगळ मधोमध. त्याखाली आजी पाच तांदूळ ठेवायची. "उपाशी गोधडी पांघरू नये गं." पहिल्याच धुण्यात त्यांचा भात झाला असणार, पण हे तिला सांगणार कोण?

आजी शिवताना देवाचं नाव वगैरे घ्यायची नाही. बायकांशी गप्पाच चालायच्या, त्याही बहुतेक कुणाच्या तरी सुनेबद्दल. तरी तिच्या हाताखाली काय चाललंय ते आम्हा पोरांना कळायचं. अंथरलेल्या कापडावर पाय द्यायची आमची हिंमत नव्हती.

आता माझ्याकडे आहे ती तिची शेवटची गोधडी. जानेवारी १९८२मध्ये संप सुरू झाला, आजोबांची गिरणी त्यानंतर उघडलीच नाही. नवं कापड घरात येणं बंद झालं, म्हणून या गोधडीच्या पोटात काय काय गेलं असेल त्याला हिशेब नाही. वरून दिसतं ते फक्त हिरवं लुगडं आणि विटलेला तांबडा काठ.

मधलं ठिगळ यंदा उसवलंय. करंगळी जाईल एवढीच फट आहे. उजेडात धरली की आत निळं काहीतरी दिसतं. आई म्हणते, तो आजोबांचा गिरणीत घालायचा सदरा. मावशी म्हणते, छे, माझा परकर, चौथीतला. यावरून दोघींचं फोनवर चांगलंच वाजलं. मी म्हटलं, आणखी दोन टाके उसवू आणि बघून टाकू.

"हात लावशील तर!" दोघी एकदमच म्हणाल्या.