सापळापेटीतील सातेरी आणि मेणकिडा

नाशिकच्या पश्चिमेकडील पेठ, सुरगाणा या डोंगराळ तालुक्यांत सातेरी मधमाशी अजून टिकून आहे, आणि घर सोडून निघालेल्या झुंडी धरता याव्यात म्हणून तिथल्या काही शेतकऱ्यांना आम्ही झाडावर टांगायच्या रिकाम्या सापळापेट्या देतो. पेठ तालुक्यातील अशाच एका शेतकऱ्याचा फाल्गुनात फोन आला, "साहेब, पेटीत माश्या बसल्यात, पण खाली अळ्या पडतायत."

जांभळावरची पेटी उतरवून झाकण काढले, तेव्हा कारण लगेच दिसले. वासाने झुंड यावी म्हणून त्यांनी आत जुन्या पोळ्याचा काळपट तुकडा बांधला होता. मेणकिडा म्हणजे पोळ्यांत अंडी घालणारा पतंग, आणि त्याची अळी निव्वळ मेणावर नीट वाढत नाही. पिलाव्याच्या, म्हणजे माश्यांची पिल्ले वाढतात त्या घरांत उरलेल्या काती आणि परागकण तिला लागतात, म्हणून नव्या पांढऱ्या पोळ्यापेक्षा जुने काळे पोळे ती आधी पोखरते. तुकड्यातून निघालेली रेशमी जाळी शेजारच्या नव्या पोळ्यापर्यंत पोचली होती, तिच्यात काळ्या विष्ठेचे कण अडकले होते, आणि पिलाव्यातील काही घरांची झाकणे एका ओळीत नाहीशी होऊन कोषातल्या माश्यांची पांढरी डोकी उघडी पडली होती. झाकणांखालून अळी बोगदा करीत गेल्याची ती खूण. जिथे कोष चिकटले होते, तिथे फळीचे लाकूडही होडीच्या आकारात कोरलेले होते.

"काहीतरी फवारून टाका ना," असा त्यांचा आग्रह होता. अळी मारणारे कीटकनाशक माशीला सोडत नाही, आणि गंधकाची धुरी केवळ माश्या नसलेल्या, साठवणीतल्या पोळ्यांना देता येते, हे समजावण्यात बराच वेळ गेला. बाहेर गेलेल्या माश्या परतल्यावर, दिवस कलताना, आम्ही सगळी झुंड स्वच्छ पेटीत झटकून घेतली. पोळ्यांचा अळी न लागलेला, पिलाव्याचा भाग तेवढा कापून केळीच्या सोपटाने चौकटींत बांधला. त्रास झाला की सातेरी घर सोडून जाते, त्यामुळे राणी आत राहावी म्हणून दाराला राणीरोधक जाळी लावली आणि साखरेचा पाक ठेवला. जाळी फार दिवस ठेवू नये, कारण नरही तिच्यातून बाहेर पडू शकत नाहीत. पोखरलेली पोळी जाळली. खाली सांडलेल्या अळ्या कोंबड्यांनी टिपल्या, ते काम आम्हाला करावेच लागले नाही.

नरांचे काही कोष चिमट्याने उकलून पाहिले, तर एक-दोन ठिकाणी तांबूस व्हरोआ माइट, म्हणजे मधमाश्यांवर जगणारे गोचिडासारखे बारीक परजीवी, सापडले. मेलिफेरा या युरोपीय मधमाशीच्या पेटीत हे दिसले असते तर मी उपचाराच्या तयारीला लागलो असतो. सातेरीत मात्र हा माइट जवळजवळ केवळ नरांच्या पिलाव्यातच वाढतो, शिवाय कामकरी माश्या एकमेकींच्या अंगावरून तो काढून टाकतात. त्यामुळे तिथे औषध न घालण्याचे ठरवले.

त्यांच्या दिंडोरीच्या मेहुण्यांचे कांद्याचे डेंगळे, म्हणजे बियाण्यासाठी राखलेले फुलांचे दांडे, फुलोऱ्यात होते आणि परागीभवन होऊन बियाणे भरावे म्हणून ही पेटी लगेच तिकडे न्यावी, अशी दोघांची इच्छा होती. चौकटी दोन्ही बाजूंनी माश्यांनी दाट झाकल्याशिवाय पेटी हलवायची नाही, असे मी स्पष्ट सांगितले. मेहुणे थोडे नाराज झाले. पुढच्या सापळापेटीत मात्र पोळ्याचा तुकडा न बांधता फळ्यांना आतून वितळवलेले मेण फासून दिले.