एकदा तरी ‘बेसूर’ म्हणा

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत परीक्षक उभे राहिले की मीही उठते. ते टाळ्या वाजवायला, मी दुधाला विरजण लावायला. एके काळी परीक्षक खुर्चीतून उठले की घरात सगळे सावरून बसायचे, काहीतरी मोठं घडलंय म्हणून. आता ते दर गाण्याला उठतात. त्यामुळे शनिवार-रविवारी माझी ओट्याची आवराआवर वेळेत होते, एवढाच काय तो फायदा.

मी या स्पर्धांची जुनी गिऱ्हाईक. १९९५ साली सोनू निगम ‘सारेगम’ करायचा तेव्हापासूनची. ‘बूगी वूगी’ पाहिलं, पहिल्या ‘इंडियन आयडॉल’ला आपल्या अभिजीत सावंतसाठी मेसेज पाठवून मोबाइलचं बिल वाढवलं, ‘एकापेक्षा एक’मुळे सचिन पिळगावकरांना महागुरू म्हणायची सवय लागली, ‘फू बाई फू’ला पोट धरून हसले. २०१८ला ‘बिग बॉस मराठी’ सुरू झालं तेव्हा ती भांडणं ऐकून डोकं उठायचं, तरी शेवटपर्यंत बघितलं. ‘आम्ही बाई असलं काही बघत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी मी नव्हे. (त्यांना सगळ्या स्पर्धकांची नावं, गावं आणि लफडी कशी पाठ असतात, देव जाणे.)

आमच्या वन्संचं म्हणणं, सगळं आधीच ठरलेलं असतं. असेना का. शिवाजी मंदिरात नाटक बघतो तेही ठरलेलंच असतं, म्हणून काय मध्यंतरात उठून घरी येतो? माझं दुखणं निराळं आहे. या स्पर्धांमध्ये हल्ली कुणी चुकतच नाही. म्हणजे चुकतात, ज्याला कान आहे त्याला कळतं. वरच्या पट्टीत आवाज ताणतो, अंतऱ्यावरून मुखड्यावर येताना सम निसटते. पण निवेदक ‘काय वाटलं सर?’ विचारतो आणि सर म्हणतात, ‘शब्दच नाहीत.’ शब्दच नसतील तर मानधन कशाचं घेता हो?

२०२१ मध्ये ‘इंडियन आयडॉल’मध्ये किशोरकुमार यांच्या गाण्यांचा भाग झाला. त्यांचे चिरंजीव अमितकुमार पाहुणे होते. नंतर त्यांनीच मुलाखतीत सांगून टाकलं की सगळ्यांचं कौतुक करा असं आपल्याला सांगण्यात आलं होतं, आणि आपण ते केलं. केवढा गदारोळ झाला तेव्हा! मला तर हायसं वाटलं. इतकी वर्षं माझ्याच कानांत काही बिघाड झालाय की काय, अशी शंका यायला लागली होती. त्याच पर्वाची अंतिम फेरी १५ ऑगस्टला बारा तास चालली, दुपारी बारापासून रात्री बारापर्यंत. एवढ्या वेळात गणपती गिरगावातून निघून चौपाटीला पोचतो, विसर्जन होतं आणि माणसं घरी येऊन जेवून झोपतात.

स्पर्धा पूर्वीही होत्या. १९५७ साली मेट्रो-मर्फीची गाण्याची स्पर्धा झाली, ती महेंद्र कपूर जिंकला. परीक्षक कोण, तर नौशाद, सी. रामचंद्र असे एकेक संगीतकार. पुढे दोनच वर्षांत ‘नवरंग’मध्ये सी. रामचंद्रांनी त्याला गायला घेतलं. ज्याला उद्या याच आवाजावर आपली चाल सोपवायची आहे, तो परीक्षक कशाला खोटं गोड बोलेल? बेसूर पोरगा निवडला तर रेकॉर्डिंगला घाम त्यालाच फुटणार. आताच्या परीक्षकाचं काय अडलंय? पर्व संपलं की तो त्याच्या वाटेने, पोरगा पोराच्या वाटेने.

मराठीतलं २००८-०९चं ‘सारेगमप’चं लिटिल चॅम्प्स, लहान मुलांचं, आठवतंय ना? पल्लवी जोशी निवेदिका, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक. गुण आकड्यांत नाही, स्वरांत. एखाद्याला ‘ध’ मिळाला की आमच्याकडे ‘नी द्यायला काय झालं होतं!’ म्हणून वादाला तोंड फुटायचं. म्हणजे ‘ध’ मिळायचा तरी! कार्तिकी गायकवाड जिंकली तेव्हा माझी मुलगी, कट्टर आर्या आंबेकरच्या पक्षाची, न जेवता झोपली. आता तिला तो विषय काढलेला आवडत नाही. अंतिम फेरीतली तीच पाच मुलं २०२१ मध्ये परीक्षकांच्या जागी बसली तेव्हा मला फार आशा होती. पण तीही गोडच बोलली. समोर दुधाचे दात पडलेली पोरं, आणखी काय बोलणार म्हणा. लहान मुलांना टीव्हीवर झापावं असं माझंही म्हणणं नाही. अपमान आणि दुरुस्ती यांत फरक असतो. मी गाणं शिकायचे तेव्हा आमच्या बाई काहीच बोलायच्या नाहीत, नुसता पेटीचा भाता थांबवायच्या. पेटी थांबली की आपलं काय चुकलं ते शोधायचं, सापडेपर्यंत पेटी सुरू होत नसे.

आता समोरच्या बिऱ्हाडातल्या मुलाचं सांगते. आम्ही गोरेगाव पूर्वेला राहतो, चित्रनगरी हाकेच्या अंतरावर. पोरगा चांगला गातो, एका हिंदी स्पर्धेत निवडला गेला. एका रविवारी कॅमेरावाली मंडळी त्याची ‘एव्ही’ करायला आली. एव्ही म्हणजे गाण्याआधी जी दुःखाची फीत दाखवतात ती. हेडफोन गळ्यात अडकवलेल्या एका मुलीने त्याच्या आईला विचारलं, “आंटी, घरात काही प्रॉब्लेम?”

“प्रॉब्लेम म्हणजे?”

“म्हणजे स्ट्रगल वगैरे.”

वडील विमा कंपनीत अधिकारी, आई कॉलेजात शिकवते, घर स्वतःचं, कर्ज फिटलेलं. त्या मुलीचा चेहरा पडला. मग तिला भिंतीवर आजोबांचा हार घातलेला फोटो दिसला. “नातू गायक व्हावा हे यांचं स्वप्न होतं का?”

आजी म्हणाल्या, “छे गं, त्यांना गाण्याचा तिटकारा होता. रेडिओ लावू द्यायचे नाहीत.”

शेवटी फ्रीज दिसणार नाही असा कॅमेरा लावला आणि आईला जमिनीवर पोळ्या लाटायला बसवलं. तिच्याकडे कित्येक वर्षं पोळ्यांना बाई आहे. पोळपाट-लाटणं आमच्याकडून गेलं. पिठात पाणी जास्त झालं होतं, पोळी लाटण्याला चिकटून वर येत होती, आणि कॅमेरामन म्हणत होता, “बढिया है, बढिया है.” पोरगा एसी लोकलने कॉलेजला जाणारा. त्याला स्टेशनच्या पुलावर उभं करून खालून जाणाऱ्या साध्या लोकलकडे हताश होऊन बघायला लावलं. हताश कसं बघायचं ते त्याला जमेना, म्हणून परीक्षेचा निकाल आठव म्हणाले.

प्रक्षेपण झालं. पोळी अख्खी दाखवली, गाण्याचा अंतरा एकच. परीक्षकांनी आईला मंचावर बोलावलं, तिला रडू कोसळलं, खाली पार्श्वसंगीत. ते रडू खरं होतं. रात्रीचे दोन वाजून गेले होते आणि सकाळी सातला तिचं लेक्चर होतं.

पण मला विसरता येत नाही ते वेगळंच. शूटिंगच्या दुसऱ्या दिवशी पोरगा आमच्याकडे आला. फोनवरचं त्याचं रेकॉर्डिंग मला ऐकवलं. “काकू, इथे तानेत घसरलो ना मी?”

घसरला होता. मी तसं सांगितलं.

“मला वाटलंच. पण तिथे कुणी काही बोललंच नाही. उभे राहिले सगळे.”

पुढे तो मतांवर बाहेर पडला. मतं कमी पडली, एवढंच कारण. ती तान मात्र तशीच राहिली.

मतांचं तर काय सांगावं. २००७च्या ‘इंडियन आयडॉल’मध्ये दार्जिलिंगचा प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल शेवटी उरले. तमांग कोलकाता पोलिसांतला शिपाई. तिकडे डोंगरात लोकांनी पैसे गोळा करकरून मेसेज पाठवले. तो जिंकला, मग एका रेडिओ निवेदकाने काहीबाही शेरा मारला आणि सिलीगुडीत दंगल पेटली. त्या लोकांना मी नावं ठेवणार नाही. आपल्यातला माणूस देशभर दिसतोय म्हटल्यावर कोण सूर मोजत बसतं? अभिजीतच्या वेळी मीही मोजले नव्हते. पण म्हणूनच खुर्चीत बसलेल्याने ते मोजायचे असतात ना! आम्ही प्रेमाने मत देणार, तुम्ही कानाने द्या, अशी साधी वाटणी होती. आता दोघंही प्रेमच करत सुटलेत.

सासूबाईंनी यावर आपला तोडगा काढला आहे. गाणं संपलं की त्या कानातलं यंत्र काढून पदराला पुसतात आणि मांडीवर ठेवतात. पुढचं गाणं कधी सुरू होतं ते त्यांना कळत नाही, म्हणून दर दोन मिनिटांनी मला कोपराने ढोसतात.

“झालं का गं त्यांचं?”

“नाही आई, आता निवेदिकेला रडू आलंय.”