टांगणीला लागलेला जीव

मागे अख्खं गोडाऊन उडालेलं असतं. आगीचा लोळ तीन मजले वर, पत्रे हवेत, एखादी जीप कोलांट्या खात पुढे येतेय. आणि हिरो? काळा गॉगल लावून सावकाश चालत येतो. वळूनसुद्धा बघत नाही. हे दृश्य आलं की मला वाटतं, हा माणूस काही आपल्या खान्देशातला नाही. आमच्याकडे कापसाच्या जिनिंगला आग लागली किंवा शिवारात कडब्याची गंजी पेटली, तर माणसं भरल्या ताटावरून उठून पळतात. कुणी बादली घेऊन, कुणी मोबाईल घेऊन. गल्लीतली विजेची डीपी नुसती फट्ट झाली तरी अर्धी गल्ली "काय झालं, काय झालं" करत रस्त्यावर येते. आगीकडे पाठ करून चालत जाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मोठ्या बजेटच्या मारधाडीच्या पिक्चरशी माझं भांडण इथून सुरू होतं. भांडण आहे म्हणजे मी ते बघत नाही असं समजू नका. झाडून सगळे बघते. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ला टेकला की तीन तासांचा एसी आणि वर मारामारी फुकट, असा हिशोब इथे बरेच जण करतात. हिरोची एन्ट्री मलाही आवडते. आधी बूट दिसतो, मग मनगटातलं कडं, मग मानेवरून घरंगळणारा घाम, आणि तोंड दिसेपर्यंत पुढच्या रांगांनी शिट्ट्या मारून घसे बसवून घेतलेले असतात. तो गदारोळ घरी टीव्हीवर मिळत नाही. खुर्चीखालून येणारा धडधड आवाज पोटात जातो, तेवढ्यापुरतं आपणही कुणीतरी आहोत असं वाटतं.

पण भीती वाटत नाही. एकदाही नाही. हिरोच्या अंगावर शंभर जण धावून येतात आणि मी शांतपणे पिशवीतून केळीचे वेफर्स काढते. कारण हा मरणार नाही, हे तिकीट काढतानाच ठरलेलं असतं. शिवाय ते शंभर जणही शिस्तीचे; एकाचा मार खाऊन झाल्याशिवाय दुसरा पुढे येत नाही. एसटीत चढताना ही रांग आम्हाला कधी जमलेली नाही.

त्यातून या मारामाऱ्या हळू झाल्यात. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांच्या चालीने पडद्यावर जातो. कॅमेऱ्याने सेकंदाला त्याच्या चौपट चित्रं टिपली आणि ती २४च्याच चालीने सोडली, की एका सेकंदाचा ठोसा चार सेकंद हवेत तरंगतो. समोरच्याच्या गालाची लाट दिसते, थुंकीचे थेंब दिसतात. पूर्वी हे एखाद्या वेळी करायचे म्हणून भारी वाटायचं. आता हिरो चहाचा कप उचलतो तोही तसाच. हल्लीच्या काही पिक्चरमधून हा संथपणा काढून टाकला तर मध्यंतरातच घरी जाता येईल. हिरो उडतो तेव्हा त्याला तारांनी उचललेलं असतं आणि नंतर कॉम्प्युटरवर एकेका चित्रातून ती तार पुसतात. पुसणाऱ्यांच्या डोळ्यांचं मला जास्त कौतुक आहे.

आमच्या मामांना मात्र फसवता येत नाही. मामा शहादा तालुक्यातले. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, तिथला घोडेबाजार नावाजलेला. त्या बाजारात मामांची उमर गेली. राजेरजवाड्यांचा, लढाईचा पिक्चर लागला की आम्ही त्यांना मुद्दाम नेतो. ते हिरोकडे बघतच नाहीत. पडद्यावर नगारे वाजताहेत, भाले पडताहेत, हत्ती पिसाळलेत, आणि मामा मला कोपराने ढोसून म्हणतात, "कान देख त्याना. घोडा घाबरना का आदी कान सांगतस. हाऊ कंप्युटरना घोडा शे." खरंच, एवढ्या रणधुमाळीत घोड्याचे कान ढिम्म. मग माझ्या लक्षात येतं की घोडा घाबरलेला नाही, हिरो घाबरलेला नाही, मग मीच का म्हणून घाबरू?

जीव टांगणीला लागतो तो प्रेमाच्या पिक्चरला. लोक म्हणतात, प्रेमाचा पिक्चर म्हणजे गोडगोड, हलकाफुलका, बायकांचा. मला तर तोच खरा धडकी भरवणारा वाटतो. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'चा शेवट आठवा. १९९५चा पिक्चर, मुंबईच्या मराठा मंदिरात वर्षानुवर्षं चालला. भुसावळ जंक्शनच्या आजूबाजूला वाढलेल्या माणसांनी त्यातल्या रेल्वेवर हजार शंका काढल्या. गाडी एवढ्या हळू सुटते का, दारात उभं राहून हात देणं हा गुन्हा नाही का, सामान कुठाय. सगळं कबूल. पण त्या प्लॅटफॉर्मवर गाडी हलायच्या आधी चांगली दणकून हाणामारी झालेली आहे, हे किती जणांना आठवतं? हिरो रक्तबंबाळ झालेला असतो. ते कुणाच्या लक्षात नाही. लक्षात राहिली ती बापाची मूठ. पोरीचं मनगट त्याने धरलंय, गाडी चाललीय, आणि ती मूठ सुटते की नाही. त्या मुठीला ना तार लागली ना बारूद. ती सुटेपर्यंत मात्र अख्खं थिएटर श्वास धरून असतं.

आणि हे आम्हाला जास्त कळतं, कारण ती मूठ आम्ही ओळखतो. मोठ्या शहरात प्रेम करणाऱ्याला जागेची अडचण असेल. आमच्याकडे ओळखीची आहे. जळगावात मेहरुण तलावाच्या काठी दोघं जण एकमेकांपासून हातभर लांब बसली, तरी दिवेलागणीपर्यंत बातमी पिंप्राळ्यात पोचते. मुलीची स्कुटी कुठल्या क्लासबाहेर उभी होती हे तिच्या काकांना भाजीवाला सांगतो. एसटी स्टँडवर अनोळखी बाईसुद्धा विचारते, "कोणाची गं तू? अमक्या अण्णांची नात ना?" पडद्यावरच्या हिरोला शंभर गुंड पुरत नाहीत, इथे एक काका पुरतो. जात वेगळी निघाली, की पुढचं बोलायलाच नको.

म्हणून २०१६च्या एप्रिलअखेरीस 'सैराट' आला तेव्हा त्याचा शेवट आमच्याकडे कुणाला पटवून द्यावा लागला नाही. मध्यंतरापर्यंत खुर्च्यांवर उभं राहून नाचलेली पोरं होती. शेवटी आवाज काढून घेतलेला, रक्तात भरलेली लेकराची इवली पावलं, आणि दिवे लागल्यावर कुणी कुणाकडे बघेना. माझ्या पुढच्या रांगेतले एक पागोटेवाले आजोबा बराच वेळ चप्पल शोधत होते. चप्पल पायातच होती.

असं असूनही प्रेमाचे पिक्चर काढणाऱ्यांची बाजू मी डोळे मिटून घेणार नाही. आमच्या शाळा-कॉलेजच्या काळात हिरोने हिरॉईनच्या मागे लागायचं, ओढणी ओढायची, रस्ता अडवायचा, चार मित्र घेऊन गाणं म्हणायचं, आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत तिने हसायचं, असा रिवाज होता. थिएटरात बसलेली पोरं हे शिकून बाहेर पडायची आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या गेटवर त्याची उजळणी करायची. आम्ही मुली मात्र तिसऱ्या गाण्याची वाट न बघता घरी वडिलांना सांगायचो, आणि वडील आमचंच कॉलेज बंद करायचे. त्या पिक्चरना रोमँटिक म्हणताना आजही माझी जीभ अडखळते. त्यापेक्षा सरळ मारामारी बरी. तिथे मार खाणाऱ्याला निदान आपण मार खातोय हे कबूल असतं.

आताच्या प्रेमपटांचं दुखणं वेगळं आहे. मोबाईलने त्यांचा घात केला. पूर्वी एक चिठ्ठी पोचवायची तर मावसबहीण, तिची वही, वहीचं कव्हर, असा केवढा प्रवास. फोन करायचा तर शेजाऱ्यांच्या घरी, सगळ्यांसमोर, "मैत्रिणीचा आहे" म्हणत. चिठ्ठी भलत्याच्या हाती पडली, की पुढचा पाऊण तास चालायचा. आता दोन निळ्या खुणा आल्या की कळलं, पोचलं. मग अडथळा आणायचा कुठून? तर लेखक हिरॉईनला आजार देऊन टाकतात. नाहीतर स्मृती घालवतात. नाहीतर हिरोला लंडनला नोकरी लावतात आणि विमानतळावर धावायला लावतात. अरे बाबांनो, विमानतळ कशाला? जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही गल्लीत या, खरा अडथळा अजून जागच्या जागी ठाण मांडून बसलाय, ओट्यावर, पानाचा डबा घेऊन. तो कुणी दाखवत नाही, कारण तो दाखवायला बजेट लागत नाही, धाडस लागतं.

उलट गंमत अशी की मारधाडीचे जे पिक्चर लोकांच्या मनात मुरले, ते मारधाडीमुळे मुरलेच नाहीत. 'बाहुबली'चा पहिला भाग १० जुलै २०१५ला आला, दुसरा २८ एप्रिल २०१७ला. मधली पावणेदोन वर्षं पानटपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत एकच प्रश्न होता, कट्टप्पाने बाहुबलीला का मारलं? धबधबा कसा चढला, कुणी विचारलं नाही. किल्ला किती उंच होता, कुणी विचारलं नाही. घरच्या माणसाने पाठीत वार का केला, एवढंच लोकांना हवं होतं. भाऊबंदकीत मुरलेल्या आम्हा लोकांना तर हा प्रश्न फारच घरचा.

किंवा १९७५चा 'शोले' घ्या. सत्तर एमएमचा पडदा, घोडे, रेल्वेवरचा हल्ला, सगळं आहे. पण माझी आई आजही सांगते ती राधाची गोष्ट. संध्याकाळी ठाकूरची विधवा सून एकेक दिवा मालवत जाते आणि समोर जय पायरीवर बसून माऊथ ऑर्गन वाजवतो. दोघं एका शब्दाने बोलत नाहीत. एवढ्या गोळीबाराच्या पिक्चरमधलं ते प्रेम आईला सगळ्यात मोठ्याने ऐकू आलं. आणि तिथे दोघांतला एक हिरो खरंच मरतो. आजच्या निर्मात्याला एवढे कोटी लावून हिरो मारायचा धीर होईल का, मला शंका आहे. मारला तरी दुसऱ्या भागात जुळा भाऊ निघेल.

शेवट ठाऊक असला की भीती जाते, असंही सरसकट म्हणता येत नाही. 'टायटॅनिक'चं जहाज बुडणार हे जगाला १९१२पासून माहीत होतं. तरी १९९७ला वीस कोटी डॉलर ओतून ते पुन्हा बुडवलं आणि लोक रडले. जहाजासाठी कोण रडलं? त्या फळकुटावर एकाचीच जागा होती, त्यासाठी रडले.

पैशाचं म्हणाल तर खान्देशच्या वेशीवर, नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावला त्याचं उत्तर आहे. यंत्रमागाच्या या गावात नासिर शेख नावाच्या व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या माणसाने २००० साली 'मालेगाव के शोले' काढला, गावातल्याच माणसांना घेऊन. पुढे त्याने सुपरमॅन काढायला घेतला आणि त्या खटाटोपावर फैझा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. सुपरमॅन कोण, तर अंगापिंडाने काडी असलेला एक यंत्रमाग कामगार. लढतो कुणाशी, तर तंबाखू विकणाऱ्या खलनायकाशी. उडतो कसा, तर आडव्या दांड्याला बांधून. तो दांड्यावर आडवा झाला तेव्हा मी वेफर्स खाली ठेवले. हा पडेल, याला लागेल, याच्या घरी कोण बघेल, असं मनात येत राहिलं. शेकडो कोटींचे हिरो इमारतींवरून उड्या मारतात तेव्हा यातलं काही मनात येत नाही.

हे सगळं तत्त्वज्ञान मी यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अमळनेरला माहेरी गेले तेव्हा भाच्याला ऐकवलं. आखाजीला आम्ही बहिणी जमलो की घरात पिक्चरचा विषय निघतोच, आणि घराचे दोन तट पडतात. वहिनी प्रेमाच्या पिक्चरवाली. गाणी चांगली हवीत, शेवटी लग्न व्हायला हवं, एवढं तिचं मागणं. भाचा मारामारीवाला. तो जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात शिफ्टला जातो. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, कैरीच्या फोडीला मीठ लावत. मग म्हणाला, "आत्या, काळजी करायला घरी काय कमी आहे का? बाबांची शुगर, विहिरीचं पाणी, कापसाचा भाव. आणि आठवडाभर तो सुपरवायझर चारचौघांत वाट्टेल ते बोलतो, आम्ही मान खाली घालून ऐकतो. एक दिवस असा एखादा कुणी भिंतीतून आरपार फेकला, तर तुझं काय जातं? हळू फेकला तर अजून चांगलं. नीट बघता येतं."

मी काही बोलायच्या आत वहिनीने विचारलं, "कोणता सुपरवायझर रे? तुझी रजा नामंजूर केली, तो?"

"तोच."

"मग याच पिक्चरला जाऊ."

दुपारच्या खेळाला गेलो. मध्यंतराच्या जरा आधी एक मिशीवाला, गळ्यात ओळखपत्र लटकवलेला इसम काचेतून बाहेर गेला, सावकाश, चष्म्यासकट. भाच्याने तोंडात बोटं घातली, पण त्याच्या आधी वहिनीची शिट्टी वाजली.